आधी स्पीकर की टर्नटेबल?
पैसे मोजकेच असतील तर आधी स्पीकर बदलावा, हा घरगुती ध्वनियंत्रणेतला जुना शिरस्ता. 1954 साली अमेरिकेत एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. तिच्या हवाबंद स्पीकरमध्ये कोंडलेली हवाच स्प्रिंगचे काम करी, त्यामुळे खोल खर्जासाठी कपाटाएवढी पेटी लागेनाशी झाली. 1970च्या दशकात ग्लासगोच्या लिन कंपनीने क्रमच उलटवला. तबकडीच्या खाचेतून सुईने जे उचललेच नाही, ते कोणताही स्पीकर परत आणू शकत नाही. म्हणून पहिला खर्च टर्नटेबलवर. युक्तिवाद बिनतोड; अर्थात लिन टर्नटेबलच विकत होती! 1982मध्ये सीडी आली. साध्या प्लेअरमधूनही घरघर आणि वेगातली थरथर जवळपास हद्दपार झाली आणि होम थिएटरच्या काळात पैसा पुन्हा स्पीकरकडे वळला.