ग्लोमस अर्बुद

ग्लोमस अर्बुद : त्वचेतील ग्लोमस पिंडापासून उद्भवणारी, आकाराने लहान पण तीव्र वेदना देणारी दुर्मिळ गाठ. मृदू ऊतकांच्या अर्बुदांत तिचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी असून ती क्वचितच कर्करोगाचे रूप घेते. फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ प्येर मासाँ यांनी १९२४ मध्ये तिची सूक्ष्मरचना प्रथम स्पष्ट केली. मान व कानाच्या भागातील ‘ग्लोमस’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गाठी हिच्याहून वेगळ्या आहेत.

ग्लोमस पिंडात सूक्ष्म रोहिणी व नीला केशवाहिन्यांवाचून थेट जोडलेल्या असतात. त्यांच्या आकुंचन-प्रसरणाने त्वचेतील रक्तप्रवाह व पर्यायाने शरीराचे तापमान राखले जाते. असे पिंड बोटांच्या टोकांत विपुल असल्याने गाठही बहुधा हाताच्या बोटाच्या नखाखाली होते. नखाखालची गाठ मध्यमवयीन स्त्रियांत अधिक आढळते.

लक्षणे व निदान : ठणका, नेमक्या एका बिंदूवरील हळवेपणा आणि थंडी सहन न होणे ही तीन मुख्य लक्षणे होत. काहींना थंड पाण्यात हात घालताच कळ येते. नखाखाली निळसर डाग किंवा नखावर उभी रेघ दिसू शकते. पण पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे दुखणे संधिवाताचे किंवा मानेतील नस दबल्याचे समजले जाऊन निदानास अनेक वर्षे लागू शकतात.

प्राथमिक तपासणी साधी असते. टाचणीच्या बोथट टोकाने दाबल्यास गाठीच्या जागीच कळ येते, शेजारी येत नाही (लव्ह चाचणी). दंडाला पट्टा बांधून रक्तप्रवाह थांबवल्यास दुखणे शमते व पट्टा सोडताच परतते (हिल्ड्रेथ चाचणी). क्ष-किरण चित्रात कधी बोटाच्या हाडावर खळगा दिसतो. गाठीची जागा व आकार ठरवण्यास एमआरआय उपयोगी पडते. मात्र अगदी लहान गाठ त्यातही निसटू शकते. अंतिम निदान काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने होते.

शस्त्रक्रिया : गाठ समूळ काढणे हाच खात्रीचा उपाय. बोट बधिर करून त्याचा रक्तपुरवठा तात्पुरता थांबवतात. भिंगाच्या साहाय्याने नख उचलून नखतलावर उभा छेद देतात, गाठ आवरणासह सोडवतात आणि नखतल बारीक टाक्यांनी शिवतात. गाठ कडेला असल्यास बोटाच्या बाजूने छेद देता येतो. त्यात नख विद्रूप होण्याचा धोका कमी, पण गाठ दिसण्यास वाव अपुरा असतो.

गाठ पूर्ण निघाल्यास वेदना बहुधा थांबते. काही आठवड्यांनंतरही ती टिकून राहिल्यास गाठीचा अंश उरल्याची किंवा दुसरी गाठ असल्याची शक्यता तपासावी लागते. अनेक बोटांत गाठी आढळल्यास न्यूरोफायब्रोमॅटोसिस (प्रकार १) या आनुवंशिक विकाराचाही शोध घेतात.