भाड्याची गाडी आणि परक्या शहराचा हिशेब

परक्या शहरांत पाऊल ठेवणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो राहण्याचा नव्हे, जेवण्याचाहि नव्हे. तो पडतो वाहनाचा. सामान पायाशीं, मुलेंबाळें बाजूला, रस्ते अनोळखी, आणि समोर गाडीवान उभा! अंतर गाडीवानाला ठाऊक, पाहुण्याला नाहीं. दर गाडीवानाला ठाऊक, पाहुण्याला नाहीं. ह्या एका विषमतेंतूनच भाड्याच्या गाडीचा बराचसा इतिहास निघालेला आहे, असें म्हटलें तर ती अतिशयोक्ति होणार नाहीं. घोडा गेला आणि यंत्र आलें. गाडीवान गेला आणि प्रवासी स्वतःच गाडी हाकूं लागला. पण प्रश्न तोच राहिला. वाजवी भाडें कोणतें, आणि तें आपल्याला आधीं कसें कळावें? निरनिराळ्या काळीं लोकांनीं ह्या प्रश्नाचीं कोणतीं उत्तरें दिलीं, तें आजच्या भाषणांत थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे.

आरंभ लंडनपासून करूं. तेथें १६३४ सालीं बेली नांवाच्या एका वृद्ध दर्यावर्दी कप्तानानें चार गाड्या तयार केल्या, हाकणाऱ्यांना एकसारखा पोशाख दिला, आणि त्या गाड्या स्ट्रँड रस्त्यावरील मेपोलच्या खांबापाशीं उभ्या केल्या. शहराच्या कोणत्या भागास जाण्याचें किती भाडें घ्यावें हें त्यानें आपल्या माणसांना अगोदरच सांगून ठेविलें होतें. गाड्या भाड्यानें देण्याची चाल त्याच्या आधींहि होती. परंतु ठराविक जागा आणि ठराविक दर ह्या दोन गोष्टी त्यानें प्रथम एकत्र आणल्या. गंमत अशी कीं, त्याचें पाहून इतर गाडीवानहि तेथेंच जमूं लागले आणि त्याच दरानें गिऱ्हाइकें नेऊं लागले. कायद्याचा बडगा नसतां केवळ एका ठिकाणीं उभें राहिल्यानें दर एक झाला! मुंबईच्या कोणत्याहि टॅक्सीच्या नाक्यावर आपण उभे राहतों, तेव्हां त्या म्हाताऱ्या कप्तानाचे नकळत ऋणी असतों.

ही सोय सर्वांनाच रुचली असें मात्र नाहीं. थेम्स नदींतून उतारू नेणाऱ्या नावाड्यांचें पोट तिच्यामुळें मारलें जाऊं लागलें. राजा पहिला चार्ल्स ह्यानेंहि लवकरच जाहीरनामा काढून ह्या गाड्यांवर निर्बंध घातले. कारणें अशीं दिलीं कीं, गाड्यांनीं रस्ते तुंबतात, फरसबंदी फुटते आणि वैरण महाग होते. रस्त्यांतील गर्दी आणि इंधनाची महागाई हीं भाड्याच्या गाडीविरुद्धचीं गाऱ्हाणीं चारशें वर्षांइतकीं जुनीं आहेत, हें ह्यावरून दिसेल. १६६२ सालच्या कायद्यानें लंडनमधील अशा गाड्यांची संख्या ४०० ठरविण्यांत आली.

त्याच सालीं पॅरिसमध्यें एका निराळ्या बुद्धीनें ह्या प्रश्नाला हात घातला. ती बुद्धि होती गणिती आणि तत्त्वचिंतक ब्लेझ पास्काल ह्याची. गाडी एकट्यानें भाड्यानें घेणें सामान्य माणसाला परवडत नाहीं, तर तिच्यांतील केवळ एक जागाच कां घेऊं नये, असा त्याचा विचार होता. मार्च १६६२ मध्यें त्याच्या योजनेप्रमाणें गाड्या धांवूं लागल्या. मार्ग ठरलेला, निघण्याची वेळ ठरलेली, आणि भाडें पांच सू. पण पॅरिसच्या न्यायसभेनें सैनिक, हुजरे आणि श्रमजीवी लोक ह्यांना त्या गाड्यांत बसण्याची बंदी केली. ज्यांच्यासाठीं स्वस्ताई करावयाची, त्यांनाच दार बंद! पास्काल त्याच वर्षीं ऑगस्टांत वारला आणि ती योजना पुढें पंधरा वर्षांच्या आंतबाहेर लयास गेली. तिचें तत्त्व मात्र सार्वजनिक वाहनांच्या रूपानें पुढें जगभर पसरलें.

आतां लंडनच्या त्या सुप्रसिद्ध दोन चाकी गाडीकडे वळूं. जोसेफ हॅन्सम हा धंद्यानें वास्तुशिल्पी. त्यानें १८३४ सालीं नव्या धर्तीच्या गाडीचें पेटंट घेतलें. त्याच्या हक्काची किंमत दहा हजार पौंड ठरली होती. प्रत्यक्षांत त्याच्या हातीं जेमतेम तीनशें पौंड पडले, असें त्याच्या चरित्रांत नमूद आहे. परंतु हाकणारा मागें उंच आसनावर, प्रवासी पुढें, ही जी मूर्ति आपण जुन्या चित्रांत पाहतों, ती बव्हंशीं जॉन चॅपमन ह्यानें १८३६ सालीं केलेल्या सुधारणांची आहे. हाच चॅपमन पुढें ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या योजनेचा प्रमुख पुरस्कर्ता झाला आणि १८४५ सालीं मार्गाची पाहणी करण्यासाठीं मुंबईस आला. बोरीबंदराहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजीं जी पहिली आगगाडी गेली, तिच्या जन्मकथेंत लंडनची भाड्याची गाडी सुधारणाऱ्या माणसाचा हात असावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

ज्या वर्षीं आपली आगगाडी सुरू झाली, त्याच वर्षीं लंडनमध्यें गाड्यांचा नवा कायदा झाला. मैलास सहा पेन्स, अथवा तासास दोन शिलिंग, असा दर पार्लमेंटनें ठरविला. गाडीवान खवळले, जुलै महिन्यांत त्यांनीं कांहीं दिवस गाड्या बंद ठेवल्या. त्यांच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें होतेंच. घोड्याचा खुराक, तबेल्याचें भाडें आणि परवान्याची फी ज्याला द्यावी लागते, त्याला दर उतरला म्हणजे झळ लागायचीच. पण कायद्यानेंहि तंटा मिटला नाहीं, कारण दर मैलावर आणि मैल मोजायचा कोणीं? ह्याच अडचणीसाठीं मॉग नांवाच्या प्रकाशकानें दहा हजार भाड्यांचें एक कोष्टकच छापलेलें होतें. कादंबरीकार सर्टीस ह्याच्या एका नायकाला दुसरें वाचन माहीत नसून तो सवड सांपडली कीं मॉगचें हें पुस्तकच उघडून बसतो. विनोद बाजूला ठेवला तर ह्या पुस्तकाचा अर्थ गंभीर आहे. ज्याच्यापाशीं कोष्टक, तो फसत नाहीं. आणि ज्याला तें वाचतां येत नाहीं, त्याचें काय?

ह्या शेवटल्या प्रश्नाचें उत्तर यंत्रानें दिलें. जर्मनींतील ब्रून ह्यानें १८९१ सालीं चाकांच्या फेऱ्यांवरून भाडें दाखविणारें यंत्र तयार केलें. त्याचें नांव टॅक्सामीटर, आणि त्यावरूनच ‘टॅक्सी’ हा शब्द आला. म्हणजे टॅक्सी हें मूळ गाडीचें नांव नव्हे, हिशेबाचें नांव आहे! १८९७ सालीं स्टटगार्टच्या ग्राइनर ह्यानें डाइमलरच्या कारखान्यांतून अशी मीटर लावलेली मोटार घेऊन भाड्यानें चालविण्यास आरंभ केला. लंडननें १९०७ सालीं मीटर सक्तीचें केलें. त्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें हॅरी ॲलन ह्या तरुणाकडून जेमतेम पाऊण मैलासाठीं गाडीवानानें पांच डॉलर मागितले. त्या संतापांत त्यानें फ्रान्सहून मोटारी मागविल्या आणि मीटरच्या टॅक्सी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर आणल्या. एका फसलेल्या गिऱ्हाइकाच्या रागांतून असा एक नवा धंदा उभा राहिला.

मात्र मीटरनें भाड्याचा प्रश्न सोडविला तरी हाकणाऱ्याची मजुरी राहिलीच. ती वांचवावयाची तर गाडी प्रवाशाच्याच हातीं द्यावयास हवी. परंतु हजारों रुपयांची वस्तु अनोळखी माणसाच्या स्वाधीन करणार कोण? येथें फोर्डच्या कारखान्यानें मोठी कामगिरी केली. त्याची ‘मॉडेल टी’ गाडी १९०८ सालीं ८५० डॉलरला पडे. १९२५ च्या सुमारास ती २६० डॉलरला मिळूं लागली. गाडी स्वस्त झाली तेव्हां ती उसनी देण्याचें धाडसहि स्वस्त झालें. १९१६ च्या सुमारास ओमाहा शहरांत सॉन्डर्स नांवाच्या गृहस्थानें पुढच्या चाकाला अंतरमापक बसवून मैलामागें दहा सेंट घेण्यास आरंभ केल्याचें सांगतात. १९१८ सालीं शिकागोमध्यें वॉल्टर जेकब्स ह्या तरुणानें फोर्डच्या बारा गाड्यांवर असाच धंदा मांडला. गाड्या दुरुस्त करण्याचें काम तो स्वतःच करी. पांच वर्षांत धंदा एवढा फोफावला कीं, १९२३ सालीं जॉन हर्ट्झ ह्यानें तो विकत घेतला. हा हर्ट्झ मूळचा शिकागोच्या पिवळ्या टॅक्सींचा मालक. चालकासह गाडी देणाऱ्यानेंच चालकाशिवाय गाडी देण्याचा धंदा घ्यावा, ह्यांत काळाची चाहूल होती. पुढें १९४६ सालीं वॉरन एव्हिस ह्यानें मिशिगनमधील विलो रन विमानतळावर आपल्या गाड्या ठेविल्या. कारण पाहुणा आतां वेशींतून नव्हे, तर आकाशांतून शहरांत उतरूं लागला होता.

आपल्या मुंबईचा अनुभव ह्याहून फारसा निराळा नाहीं. पालखी, रेंकला, शिग्राम, व्हिक्टोरिया अशी ही परंपरा. लंडनच्या कायद्यानंतर दहा वर्षांनीं, १८६३ सालीं, मुंबईच्या भाडोत्री वाहनांचाहि कायदा झाला. परंतु सामान्य माणसाला खरा आधार मिळाला तो ट्रामचा. ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम कुलाब्याहून पायधुणीपर्यंत धांवली. आरंभीं वीस गाड्या आणि दोनशें घोडे होते. भाडें प्रथम तीन आणे, थोड्याच दिवसांत दोन आणे, आणि १८९९ पासून कोठेंहि जा, एक आणा! पास्कालला जें साधलें नाहीं तें येथें साधलें. कारण येथें कामकऱ्यालाहि जागा होती. ती ट्राम १९६४ च्या मार्चअखेर थांबली. टॅक्सी १९११ सालीं आली. पुढें काळ्यापिवळ्या पद्मिनीनें कित्येक पिढ्यांना मुंबई दाखविली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत तिनेंहि निरोप घेतला. तिच्या बाहेर बसविलेल्या जुन्या मीटरवर एक आंकडा दिसे आणि चालकापाशीं असलेल्या कोष्टकांतून दुसरा काढावा लागे. यंत्र येऊनहि मॉगचें पुस्तक सुटलें नाहीं, तें असें! इलेक्ट्रॉनिक मीटरांनीं तें कोष्टक अखेर दूर केलें. स्वतः चालविण्याच्या गाड्या देण्यासाठीं आपल्याकडे १९८९ सालीं सरकारी योजना झाली. तिच्याखालीं परवाना घेणाऱ्यापाशीं निदान पन्नास गाड्या असाव्या लागतात. काळ्या पाटीवर पिवळीं अक्षरें दिसलीं म्हणजे ती अशी गाडी, हें ओळखावें.

ह्या साऱ्या इतिहासांतून सुट्टीस निघालेल्या कुटुंबानें काय घ्यावें? माझ्या मतें चार गोष्टी. पहिली, मैल कीं तास, हा लंडनच्या १८५३ च्या कायद्यांतला प्रश्न आधीं स्वतःला विचारावा. ज्याला शहरांतल्या शहरांत फिरावयाचें आहे, त्याची दिवसाच्या भाड्याची गाडी बहुतेक वेळ उभीच राहते, आणि उभ्या गाडीचेंहि भाडें चालू असतें. शिवाय ती ठेवण्याच्या जागेचा खर्च निराळा. अशानें नाक्यावरची टॅक्सी किंवा आगगाडी बरी. ज्याला रोज शहराबाहेर जावयाचें आहे, आणि घरचीं चारपांच माणसें बरोबर आहेत, त्याला स्वतः हाकावयाची गाडी परवडेल. दुसरी, जाहिरातींतील आंकडा हा हिशेबाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. इंधन कोणाचें, किती किलोमीटरपुढें जादा आकार, अनामत किती, गाडी उशिरा परत केल्यास दंड काय, हें आधीं विचारावें. तिसरी, नुकसानीची जबाबदारी. गाडी ताब्यांत घेतांना तिच्यावरील प्रत्येक ओरखडा मालकाच्या देखत कागदावर नोंदवून घ्यावा आणि विम्याखालीं आपल्यावर किती रक्कम उरते तें वाचावें. चौथी गोष्ट, गाडी मोठी नको. माणसें आणि सामान मावेल एवढीच घ्यावी. लहान गाडीला इंधनहि कमी लागतें आणि अरुंद गल्लींत ती वळतेहि.

आज दूरध्वनीच्या पडद्यावर बसण्यापूर्वींच भाडें दिसतें, ही मोठी सोय खरी. पण पावसाच्या सरींत अथवा गर्दीच्या वेळीं तोच आंकडा चढतो. कां चढला तें सांगणारा माणूस समोर नसतो, आणि नाक्यावरच्या चार गाडीवानांत जो एक दर आपोआप ठरे, तोहि तेथें नसतो. गाडीवानाशीं घासाघीस करणें त्रासाचें होतें हें कबूल. परंतु तींत दोन माणसें एकमेकांच्या अडचणी ऐकत होतीं. म्हणून माझें सांगणें एवढेंच कीं, स्वस्त गाडी म्हणजे सर्वांत कमी आंकड्याची गाडी नव्हे. जिचा पुरा हिशेब निघण्यापूर्वीं कळतो, आणि जी देणाऱ्याचेंहि पोट मारीत नाहीं, तीच खरी परवडणारी गाडी होय.