उत्क्रांती आणि विज्ञानशिक्षक (अमेरिका व भारत)

अमेरिकेतील सरकारी शाळांत उत्क्रांतीचे काय होते, हे न्यायालयांपेक्षा जीवशास्त्राच्या शिक्षकांवर जास्त अवलंबून राहिले आहे. कायद्याची लढाई उत्क्रांतीच्या बाजूने केव्हाच संपली. टेनेसीत उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स यांना १९२५ मध्ये १०० डॉलर दंड झाला होता (तो पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाला). आर्कान्सॉमधील शिक्षिका सुझन एपरसन यांच्या दाव्यात अशी बंदी १९६८ साली घटनाबाह्य ठरली. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथे ‘बुद्धिमान रचने’ची (सजीवांमागे बुद्धिमान रचनाकार असल्याच्या कल्पनेची) भलामण करणारे निवेदन वर्गात वाचण्यास विज्ञानशिक्षकांनी नकार दिला, तेव्हा ते प्रशासकांनी वाचले. त्याच वर्षाअखेर न्यायालयाने ती कल्पना विज्ञान नसल्याचा निर्वाळा दिला.

वर्गातले चित्र मात्र वेगळे होते. राज्यशास्त्राचे अभ्यासक मायकेल बर्कमन आणि एरिक प्लुत्झर यांनी २००७ मध्ये जीवशास्त्राच्या ९२६ शिक्षकांची पाहणी केली. सुमारे २८ टक्के शिक्षक उत्क्रांती ठामपणे शिकवत होते. १३ टक्के उघडपणे निर्मितिवादाची, म्हणजे सजीव ईश्वराने निर्मिले या मताची, बाजू घेत. उरलेले सुमारे ६० टक्के सावध होते, आणि खरा प्रश्न त्यांचाच आहे. कोणी उत्क्रांती रेणूंच्या पातळीपुरती शिकवून माणसाचा विषय टाळी. कोणी सांगे, परीक्षेपुरते शिका, पटले नाही तरी चालेल. कोणी सगळ्या बाजू मांडून निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवी. शेवटची पद्धत वरकरणी उदार वाटते; पण जीवाश्म, जनुके आणि शरीररचना यांचा एकमेकांशी जुळणारा पुरावा तपासण्याचे काम ती वर्गातल्या मतमोजणीकडे देते. पालकांची नाराजी हे या सावधपणाचे एक कारण, विषयाची कच्ची तयारी हे दुसरे. उत्क्रांतीचा स्वतंत्र अभ्यासक्रम पूर्ण केलेले शिक्षक अधिक ठामपणे शिकवतात, असे पाहणीत दिसले.

२०१९ च्या पाहणीत निर्मितिवादाला थारा न देता उत्क्रांती प्रस्थापित विज्ञान म्हणून शिकवणाऱ्यांचे प्रमाण ५१ वरून ६७ टक्क्यांवर गेले. मानवी उत्क्रांतीला मिळणारे तासही वाढले. मधल्या काळात, २०१३ मध्ये, आलेल्या नव्या विज्ञान-शिक्षण मानकांचा यात वाटा मानला जातो.

भारतातही उत्क्रांतीवरून वाद झाला, पण त्याची सुरुवात शिक्षकांकडून झाली नाही. तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे, वानराचा माणूस होताना कोणी पाहिले नाही म्हणून डार्विन चूक, असे विधान केले. विज्ञान डोळ्यांदेखत घडलेल्या घटनांपुरते मर्यादित असते, या गैरसमजाचा हा नमुना. तो मान्य केला तर भूशास्त्रही मोडीत काढावे लागेल. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून विधानाचे खंडन केले. पुढे एनसीईआरटीने दहावीच्या पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी खुल्या पत्राद्वारे त्याला विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, परंतु दहावीनंतर जीवशास्त्र सोडणारे विद्यार्थी तिथवर पोचत नाहीत.