स्प्लांख्ना : वेदीवरून काळजाकडे



प्रभू येशूला लोकांचा ‘कळवळा आला’ असे आपण शुभवर्तमानात वारंवार वाचतो. त्यामागचे ग्रीक क्रियापद ‘स्प्लांख्ना’ या नामापासून झाले आहे. स्प्लांख्ना म्हणजे प्राण्याच्या शरीराच्या आतले अवयव : हृदय, यकृत, फुप्फुसे, मूत्रपिंडे.

या शब्दाचे नाते ‘स्प्लेन’ म्हणजे प्लीहा या शब्दाशी मानले जाते. ‘स्प्लेन’ आणि संस्कृतातील ‘प्लीहन्’ हे तर एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. होमरच्या ‘इलियड’मध्ये बळी दिल्यावर यज्ञाला जमलेली मंडळी इतर मांसाच्या आधी स्प्लांख्ना खातात. इ. स. पू. चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने हाच शब्द प्राण्यांच्या शरीररचनेसाठी वापरला. ग्रीक नाटककारांनी मात्र रागलोभाची जागाही तिथेच मानली.

दयेचा अर्थ ठळक झाला तो ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांमध्ये. त्यांच्या हिब्रू भाषेत दयेला ‘रहमीम’ म्हणतात आणि ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय. आपणही ‘आतडे तुटते’, ‘पोटात कालवते’ असेच म्हणतो ना?

नव्या करारात हे क्रियापद 12 वेळा येते आणि तेही फक्त मत्तय, मार्क व लूक यांच्या लिखाणात. ते स्वतः येशूबद्दल येते, नाहीतर त्याच्या दाखल्यांतील तिघांबद्दल : कर्ज सोडणारा धनी, उधळ्या पुत्राचा बाप आणि शोमरोनी. शोमरोन्याच्या दाखल्यात वेदीची सेवा करणारे याजक व लेवी जखमी माणसाला टाळून निघून जातात. पोटात कालवते ते परक्या शोमरोन्याच्या (लूक 10:33).

संत पौल आणखी पुढे जातो. फिलेमोनाला लिहिलेल्या 25 वचनांच्या पत्रात स्प्लांख्ना हा शब्द 3 वेळा आहे. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम याला परत पाठवताना पौल त्यालाच ‘माझे स्प्लांख्ना’ म्हणतो. आपल्या भाषेत, काळजाचा तुकडा. ज्याची बाजारात किंमत ठरत असे, त्याला प्रेषिताने आपल्या शरीराच्या आत जागा दिली. आता धन्याला त्याच्यावर हात उगारायचा तर आधी पौलाच्या काळजावर उगारावा लागणार होता.

म्हणून दया म्हणजे वरून टाकलेली भीक नव्हे. योहानाच्या पहिल्या पत्रात (3:17) प्रश्न आहे : बंधूची गरज दिसत असूनही जो आपले स्प्लांख्ना बंद करतो, त्याच्यात देवाची प्रीती कशी राहील? प्रार्थनेला बसण्याआधी हा प्रश्न आपण स्वतःला विचारू या. आपण कोणासाठी आतून दार लावून घेतले आहे?