बुडबुड्यातून आलेले बाणाग्र

महाराष्ट्रात सापडणारी दगडी बाणाग्रे पाहिली की दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. एक म्हणजे त्यांचा आकार: बहुतेक नखाएवढी, फार तर बोटाच्या पेराएवढी. दुसरी म्हणजे त्यांचे रंग: दुधी, मधाळ, तांबडे, हिरवट, करडे. काळ्या कातळाच्या देशात हे रंग आले कुठून?

उत्तर त्या कातळाच्याच पोटात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना आतल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या तशाच राहिल्या. पुढे त्यांत पाणी झिरपत राहिले, पाण्यातली सिलिका थराथराने साचली आणि कॅल्सेडनी, अकीक, जास्पर तयार झाले. आपण या सगळ्यांना सरसकट गारगोट्या म्हणतो. कातळ झिजून त्याची माती झाली. गारगोट्या मात्र टणक, त्या नदी-ओढ्यांच्या पात्रांत येऊन पडल्या. त्यांचा तांबडा-पिवळा रंग लोहाच्या अंशांचा. पिवळट दगड तापवला की त्यातल्या लोहाचे रूप बदलते आणि तो लालभडक होतो. खंबायतचे कारागीर आजही अकीक असाच भाजतात.

बाणाग्रे घडवणाऱ्यांच्याही आधीच्या माणसाने कातळाच्याच ओबडधोबड हातकुऱ्हाडी घडवल्या. त्याला वजन हवे होते, ते कातळाने दिले. पण पातळ, धारदार पाते काढायचे तर कातळाचे भरड कण आड येतात. कॅल्सेडनी मात्र जाड काचेसारखी फुटते, आणि कडेला लगेच धार येते. अडचण एवढीच की मूळ पोकळी लहान, म्हणून गारगोटी लहान, म्हणून पातेही लहान. नखाएवढ्या हत्यारांमागे कारागिराचे कौशल्य होतेच, पण मापाची मर्यादा त्या बुडबुड्याने आधीच घालून दिली होती.

पाते काढण्याची रीत फार सुंदर आहे. गारगोटीच्या एका बाजूने आलटून पालटून छिलके उडवायचे, म्हणजे तिथे नागमोडी कणा उभा राहतो. त्या कण्याच्या टोकावर नेमका दाब दिला की कण्यासकट पहिले लांबट पाते सुटते. त्याने मागे ठेवलेल्या सरळ कडांच्या आधाराने पुढची पाती एकामागून एक निघत जातात. उरलेला गाभा हातात घेतला तर त्याच्या अंगावर पन्हळींच्या उभ्या रांगा स्पष्ट दिसतात. मग पात्याचे त्रिकोणी किंवा चंद्रकोरी तुकडे करायचे, एक कड मुद्दाम बोथट करायची आणि ती बाजू डिंकाने लाकडी दांड्यात बसवायची. एखादा तुकडा टोकाला लागे, तर काही बाजूंना काट्यांसारखे.

सुटा सापडलेला प्रत्येक तुकडा बाणाचाच, असे मात्र नाही; अशीच पाती विळ्यांतही बसवत. पण उत्तर प्रदेशात सराय नाहर राय इथे अशी सूक्ष्मास्त्रे, म्हणजे ही नखाएवढी दगडी हत्यारे, माणसाच्या हाडांत रुतलेली मिळाली आणि भीमबेटकाच्या भित्तिचित्रांत काटेरी बाण रंगवलेले आहेत. त्यामुळे बाणांतला त्यांचा वापर निर्विवाद आहे.

तांबे आले तरी ही कला थांबली नाही, कारण तांबे दुर्मीळ होते. घोड नदीकाठच्या इनामगावचे शेतकरी सुमारे ३००० वर्षांपूर्वीही कॅल्सेडनीची पाती काढत होते. लोखंड हाताशी आल्यावरच ती मागे पडली.

बाण घडवणाऱ्याने रंग पाहून दगड निवडला, असे मला वाटत नाही. त्याची नजर दगडाच्या पोतावर होती. रंगाचा शौक त्याच गारगोट्यांच्या मण्यांतून पुरवला गेला.

नांगरलेल्या रानात किंवा ओढ्याकाठी अशी रंगीत पाती दिसली, तर कृपा करून खिशात टाकू नका. जागेवरच फोटो काढा, ठिकाण लिहून ठेवा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. जागेवरून हललेले पाते अभ्यासकाच्या फारसे उपयोगी पडत नाही.