आलवण ते मॅचिंग : हिंगण्याच्या वाटेवरचे रंग

गेल्या वर्षी घरातल्या एका लग्नासाठी आईला साडी घ्यायची होती. कर्वेनगरातल्याच एका दुकानात गेलो. साड्यांचा ढीग समोर पडला तशी आईची नजर आधी एका मोरपंखी साडीवर गेली. तिनं काठावरून हात फिरवला, पोत पाहिला, पदर उलगडला, आणि मग ती साडी हळूच बाजूला सारली. म्हणाली, "सुंदर आहे गं, पण मला नाही शोभायची आता."

दुकानदाराला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यानं आईच्या गळ्याकडे, कपाळाकडे एकदा पाहिलं आणि मागच्या फळीवरून फिक्या साड्यांचा गठ्ठा काढला. मोतिया, राखाडी, फिका जांभळा. बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत आईचा वर्ण बदलला नव्हता, बांधा बदलला नव्हता. मग न शोभण्यासारखं काय झालं होतं?

मराठीत 'शोभणे' हे क्रियापद दोन कामं करतं. 'हा रंग तुला शोभतो' म्हणताना आपण डोळ्यांबद्दल बोलतो. 'हे वागणं तुला शोभत नाही' म्हणताना समाजाबद्दल. बाईच्या कपड्यांपाशी आलं की हे दोन अर्थ एकमेकांत इतके मिसळतात, की आपण आरशाला विचारतोय की शेजाऱ्यांना, हे आपलं आपल्यालाच कळत नाही. आणि ज्या ठिकाणी उभी राहून आई हे बोलत होती, त्या जागेचा इतिहास म्हणजे हे दोन अर्थ सोडवण्याचाच इतिहास आहे. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी १८९६ साली काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली ज्या माळावर आला, ते हे गाव.

त्या आश्रमात येणाऱ्या मुली काय नेसून येत असतील? एकोणिसाव्या शतकातल्या ब्राह्मण विधवेचा वेष ठरलेला होता. केशवपन झालेलं डोकं, त्यावरून घट्ट ओढलेला पदर आणि अंगावर आलवण. आलवण म्हणजे जाडंभरडं, बिनकाठाचं, तांबडं लुगडं. सोवळ्या विधवेला चोळी नाही. कुंकू, मंगळसूत्र, काचेच्या बांगड्या, जोडवी, फुलं, यांतलं काही नाही. या प्रत्येक 'नाही'साठी भाषेत एकेक टोचणी तयार होती : पांढरं कपाळ, भुंडे हात, बोडकी. हे सगळ्या जातींत नव्हतं. अनेक जातींत विधवेला पाट लावता येई, मोहतूर होई. पण ज्या घरांत शास्त्राचा अभिमान मोठा, तिथे हा वेषही कडक.

यात रंगापुरतं पाहिलं, तरी एक गोष्ट चटकन ध्यानात येते. आलवण लाल होतं. उत्तरेत नवरीला जो रंग नेसवतात, तोच इथे विधवेला दिलेला. बंगालात विधवेचं पांढरं वस्त्र, तर केरळात नवरी सोनेरी काठाच्या पांढुरक्या वस्त्रात उभी राहते. आपल्याकडे काळा रंग शुभकार्यात चालत नाही, पण संक्रांतीला सुवासिनीच्या अंगावर काळी चंद्रकळा असली की तिचं कौतुक होतं. तेव्हा शुभ किंवा अशुभ असा गुण कुठल्याही रंगाच्या अंगी नसतो. तो रंग कोणी, कधी आणि कोणाच्या परवानगीनं नेसला, यावर त्याचा अर्थ ठरतो. आलवणाचा लाल रंग लपवण्यासाठी नव्हता. ती बाई लांबून ओळखू यावी, वाटेत आडवी आली तर टाळता यावी, यासाठी होता.

आणि पुरुषाचं काय? ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना'त हाच प्रश्न सरळ विचारला : बायको मेली म्हणून नवऱ्यानं मिशा उतरवून रानात का जाऊ नये? मराठीत विधुर हा शब्द आहे, पण विधुराचा वेष नाही. खुद्द कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. त्यानंतर ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला नेहमीच्याच कपड्यांत जात राहिले असणार, कारण दुसऱ्या कुठल्या कपड्यांची अपेक्षाच कोणाला नव्हती. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांनी ज्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, त्या मात्र आठव्या वर्षी विधवा झालेल्या होत्या. दोघंही जोडीदार गमावलेलेच. पण एकाच्या शरीरावर त्याची काही खूण नव्हती, आणि दुसरीचं सगळं शरीरच खूण झालेलं.

गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. १८८९ साली मुंबईत निघालेल्या त्या संस्थेत विधवांना केस वाढवायला मोकळीक होती. आज हे वाक्य सहज वाचून पुढे जाता येतं. पण वर्षानुवर्षं न्हाव्यापुढे बसलेल्या मुलीच्या हाताला स्वतःचे केस लागणं ही काय गोष्ट असेल, याचा विचार करावा. त्याच सुमारास, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. सुधारणेचा इतिहास सांगताना या कारागिरांची आठवण अनेकदा राहून जाते.

लग्नानंतर गोदूबाईंचं नाव आनंदीबाई झालं. लोक त्यांना बाया कर्वे म्हणत. कपाळावर पुन्हा कुंकू आलं आणि त्याची किंमतही मोजावी लागली. कर्व्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे आश्रम निघाला, तेव्हा तिथल्या विधवांच्या घरच्यांना पुनर्विवाहित बाईचा संपर्क खपेल का, ही भीती होती, आणि म्हणून सुरुवातीच्या काळात बायांना आपल्याच नवऱ्यानं काढलेल्या आश्रमात अंतर सोसावं लागलं. म्हणजे कुंकू नसल्याचं दुःख होतं तसं ते पुन्हा लावल्याचंही. 'माझे पुराण' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या आयुष्याची हकीगत काही हातचं न राखता सांगितली आहे.

या कहाणीत मला सगळ्यात गुंतवून ठेवतात त्या बायांच्या धाकट्या बहीण, पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षाच्या आसपास त्यांना वैधव्य आलं, पदरात लहान मुलगा होता. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. केशवपन झालेल्या अवस्थेतच त्या शिकल्या, आश्रमाच्या कामात पडल्या आणि गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी गोळा करू लागल्या. त्यांचा तो वेष जुन्या वळणाच्या घरांत त्यांना आत घेऊन जाई. समोरची माणसं ज्या रूढीला मान देत होती, तिच्याच कपड्यांत उभं राहून पार्वतीबाई विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागत. पुढे त्यांनी केशवपन बंद केलं, केस राखले, आणि 'माझी कहाणी' या १९२८ च्या आत्मचरित्रात हे सगळं लिहिलं. त्याआधी त्या एकट्या अमेरिकेलाही जाऊन आल्या होत्या.

एकाच आईबापांच्या दोन मुली. एकीच्या कपाळावर कुंकू, दुसरीच्या डोक्यावर केस नाहीत, आणि दोघींचं आयुष्य एकाच संस्थेला बांधलेलं. यांतली कोण जास्त पुढारलेली, हे नुसता वेष बघून ठरवू गेलं तर आपण चुकू. पार्वतीबाईंच्या बाबतीत महत्त्वाचं हे, की केस ठेवण्याचा निर्णय अखेर त्यांचा स्वतःचा होता. कर्व्यांनी आश्रमात वेषावर मोहीम काढली नाही. त्यांचा स्वभाव तसा नव्हता आणि आश्रम वर्गणीवर चालत होता. आधी अक्षर, मग हातात काम, मग मिळकत, असा त्यांचा क्रम. शिक्षिका किंवा परिचारिका होऊन चार पैसे मिळवणाऱ्या बाईला कुठलं लुगडं घ्यायचं हे विचारायला दिराकडे जावं लागत नाही. रंगाची निवड ही पैशाच्या निवडीच्या मागोमाग येते, हे हिंगण्यानं फार न बोलता करून दाखवलं.

त्या काळी वस्तूही किती लहान आणि त्यांवरून होणारी भांडणं किती मोठी! काशीबाई कानिटकर पायांत जोडे घालून, हातात छत्री घेऊन रस्त्यानं निघाल्या तेव्हा लोकांनी दगड मारले, असं सांगितलं जातं. ऊन सगळ्यांनाच लागतं, काटे सगळ्यांनाच बोचतात. पण छत्री आणि जोडे ही पुरुषाच्या बाहेर पडण्याची साधनं होती, आणि बाईच्या हातात छत्री दिसणं म्हणजे ती घराबाहेर पडणार याची जाहिरात होती. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत नऊवारीच्या जागी पाचवारी 'गोल' नेसणं आलं, तेव्हाही नाकं मुरडली गेलीच. आज आजीच्या फोटोत सोज्वळ वाटणारं ते नेसणं एकेकाळी थिल्लर ठरलं होतं.

१९१६ साली याच हिंगण्यात महिला विद्यापीठ सुरू झालं; १९२० च्या ठाकरसी देणगीनंतर ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव घेऊन वाढलं. माळावरच्या आश्रमाची आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था झाली आहे. तिथे मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वास्तुकलेचं महाविद्यालय आहे, आणि फॅशन टेक्नॉलॉजी शिकवणारं महाविद्यालयही याच संस्थेचं आहे. ज्या संस्थेच्या पहिल्या विद्यार्थिनींना बांगडी निषिद्ध होती, तिच्या आजच्या विद्यार्थिनी रंगसंगतीचा अभ्यास करून पदवी घेतात. कर्वे १०४ वर्षं जगले, १९५८ साली भारतरत्न झाले. हे त्यांना पाहायला मिळालं असतं तर ते बहुधा काही न बोलता वर्गणीची डबी पुढे करते झाले असते.

संध्याकाळी कमिन्स कॉलेजच्या रस्त्यावर उभं राहिलं की हा बदल डोळ्यांसमोरून चालत जातो. जीन्सवर खणाचा कुर्ता, कानांत ऑक्सिडाइज्ड झुमके, एका हातात घड्याळ आणि दुसरा हात मुद्दाम मोकळा. मोकळ्या हाताला आता कोणी भुंडा म्हणत नाही. साध्या पांढऱ्या कुर्त्यावर एकच गडद ओढणी, किंवा सगळं काळं आणि नाकात चमकी. चंद्रकोर टिकली लावायची की नाही, हे लग्न झालंय की नाही यावर ठरत नाही, ड्रेसवर ठरतं. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग ठरवण्याची पद्धत तर याच शतकातली, वृत्तपत्रानं रुजवलेली. तिला बाजारू म्हणून नावं ठेवता येतील. पण ऑफिसात राखाडी किंवा लाल साडीतल्या बायकांच्या त्या फोटोत कोण सवाष्ण, कोण विधवा, कोण अविवाहित हे ओळखू येत नाही. आलवणाचं काम नेमकं याच्या उलट होतं.

मात्र हा इतिहास पूर्ण झाला असं म्हणायला मी धजावणार नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुसरावं असं परिपत्रक काढलं. हिंगण्यात झोपडी उभी राहिल्याला तेव्हा शंभराहून अधिक वर्षं झाली होती. ठराव करावा लागला, याचाच अर्थ बांगड्या अजून फुटत होत्या. शहरात त्या फोडत नाहीत. इथे फक्त दुकानदार मागच्या फळीकडे वळतो. आलवण गेलं, पण त्याचा एक धुतलेला, सभ्य वंशज आपल्या कपाटांत राहिला आहे. त्याचं नाव 'फिका रंग'. हळदीकुंकवाचं बोलावणं चुकून राहतं, लाल कुंकवाऐवजी छोटी काळी टिकली येते, आणि या सगळ्याला आपण आवड म्हणतो.

फिका रंग कोणाला मनापासून आवडू नये असं नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या कपाटात राखाडीशिवाय काही नाही आणि ती त्यात देखणी दिसते. प्रश्न एवढाच, की समोर मोरपंखी असताना हात आधी कुठे गेला होता.

त्या दिवशी मी आईला पार्वतीबाईंची गोष्ट सांगितली नाही. दुकानात उभं राहून इतिहास सांगणं बरं दिसत नाही. मी फक्त बाजूला सारलेली साडी परत तिच्या खांद्यावर टाकली आणि तिला आरशाकडे वळवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग दुकानदाराला म्हणाली, "याच्यावर ब्लाउजपीस कुठलं जाईल हो? राणी रंगात आहे का काही?"

लग्नात ती मोरपंखी नेसली. टिकली मात्र काळीच होती.