कायदा होण्याआधीची तपासणी

बायकांना मताचा हक्क देणारा जगातला पहिला देश न्यूझीलंड, साल १८९३. तिथं १९९० साली नागरिकांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याचं कलम ७ सांगतं, की नवं विधेयक हक्कांना धक्का देत असेल, तर सरकारच्याच महान्यायवाद्यानं संसदेला तसं लेखी कळवायचं. आपण ठराव लिहिण्याआधी गटाची नियमावली उघडून बघतो ना, तसंच.

२०१० साली एक विधेयक आलं. तोवर ३ वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्या कैद्यांनाच मत नव्हतं. आता शिक्षा भोगणाऱ्या सगळ्याच कैद्यांचं मत जाणार होतं. म्हणजे महिनाभर आत असलेली बाई, मतदान त्याच महिन्यात आलं की मुकली. महान्यायवादी क्रिस्टोफर फिनलेसन. विधेयक त्यांच्याच पक्षाच्या खासदाराचं, तरी त्यांनी लिहून दिलं, हे मताच्या हक्काशी जुळत नाही. आणि संसदेनं कायदा केलाच! वाचताना मला रागच आला. मग तपासायचं कशाला?

पण ते लिहिलेलं नोंदीत राहिलं. काही कैदी कोर्टात गेले. २०१५ साली हायकोर्टानं आणि २०१८ साली सुप्रीम कोर्टानंही कायदा हक्कांशी विसंगत ठरवला. आपल्या घटनेच्या कलम १३ मुळे असा कायदा कोर्टात रद्द होतो. तिथल्या कोर्टाला तो अधिकार नाही. तरी २०२० साली संसदेनं ३ वर्षांहून कमी शिक्षा असलेल्यांना मत परत दिलं. मधे दहा वर्षं गेली.

आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं तुरुंगातल्या कच्च्या कैद्यालाही मत देता येत नाही.